पाडव्याची आखणी

"हे खा, आणि दुपारपर्यंत एक शब्द बोलू नको," कडुनिंबाच्या चटणीची गोळी माझ्या तळहातावर ठेवत आई म्हणाली.

"का? पाडव्याला मौनव्रत असतं काय?"

"तुझं तोंड मला ठाव हाय. आज आप्पा सांगतील तसं व्हायचं. वर्साचा पहिला दिवस हाय, भांडण नको."

तेव्हाच मला काहीतरी शिजत असल्याचा वास यायला हवा होता. पण त्या सकाळी मी इतकी खुशीत होते की कडुनिंबसुद्धा गोड लागला. नवी हिरवी साडी नेसले होते. केस रंगात येऊ नयेत म्हणून अंबाडा घट्ट बांधला होता. कारखान्याच्या दारात गुढी उभी होती आणि आत चौरंगावर पाडव्याचा गणपती माझी वाट बघत होता. माझी, असं मला वाटत होतं. या गोष्टीला तेवीस वर्षं झाली, तरी ती सकाळ आठवली की अजून माझे कान गरम होतात.

आमचा गणपतीचा कारखाना पेणच्या अलीकडे, खाडीकडेच्या एका गावात. कारखाना म्हटलं म्हणून चिमणी-बिमणी डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याची लांबलचक शेड, शाडूचा ढीग, साचे आणि फळ्यांवर ओळीनं वाळत ठेवलेले गणपती, एवढाच पसारा. आमच्या घरातली एक रीत होती. पाडव्याला एक मूर्ती साच्याशिवाय, हातानं घडवलेली असायची. तिचं रंगकाम पुरं झालेलं असायचं, फक्त डोळे कोरे. ते डोळे पाडव्याला सगळ्यांसमक्ष काढायचे. त्याला आम्ही आखणी म्हणतो. एरवी एक मूर्ती दहा हातांतून जाते, कोणी सोंड घासतो, कोणी सोवळं रंगवतो, पण डोळे एकाच हाताचे. पाडव्याला जो आखणीला बसेल तो वर्षभराचा आखणीकार, दुसऱ्या कोणी डोळ्यांना हात लावायचा नाही. आमच्याकडे तीस वर्षं तो हात आप्पांचा होता. मुंबई-पुण्याचे व्यापारी यायचे ते 'आप्पा मोकलांचे डोळे' मागायला.

आता खरं सांगते. शेवटची चार वर्षं ते डोळे माझे होते.

आप्पांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पहिल्या वर्षी त्यांनी तीन मूर्तींचे डोळे बिघडवले, मग एका दुपारी कामगार जेवायला गेल्यावर मला पडद्याआड बोलावलं आणि म्हणाले, "एवढी एक कर." मी केली. मग एवढ्या दहा कर, एवढ्या शंभर कर. पडद्यामागे मी पाटावर बसून आखणी करायची, आप्पा शेजारी चहा गार करत बसायचे. बाहेर सगळे दबक्या आवाजात बोलायचे, कारण आप्पा आखणीला बसले आहेत. काम संपलं की बाहेर जाण्याआधी आप्पा दोन बोटं काळ्या रंगात बुडवायचे आणि फडक्याला पुसत पुसत पडदा सारायचे. ही दोन बोटं बघितली की माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण बाप आहे, म्हातारा होतोय, असं म्हणून मी गिळायची.

पाडव्याला लोकांसमोर ते फक्त डोळ्याच्या बाहुलीतला शेवटचा पांढरा ठिपका द्यायचे. ठिपका सोडून बाकी सगळी आखणी मी पहाटेच करून ठेवलेली असायची. एक ठिपका, तोसुद्धा उजवं मनगट डाव्या हातानं धरून. लोक म्हणायचे, बघा काय भक्तिभाव!

त्याआधीच्या दिवाळीत आप्पा मला म्हणाले होते, "या पाडव्याला नवीन माणूस बसवू. आता माझ्यानं होत नाय." बोलताना माझ्याकडे बघत होते. आणि पाडव्याच्या पहाटे म्हणाले, "या वेळी डोळे पूर्ण कोरे ठेव. नव्या माणसानं सगळी आखणी करायची असते." मग मी दुसरं काय समजायचं?

नऊच्या सुमाराला मंडळी जमली. कारखान्यातले आठ कामगार, आजूबाजूची घरं, आणि मुंबईचे देवळेकर. देवळेकर आमच्या मूर्ती परदेशात पाठवायचे. ते गणपती बोटीनं जातात, त्यामुळे त्यांची घाई सगळ्यांच्या आधी. त्यांच्या वीस मूर्ती रंगून मागच्या फळीवर तयार होत्या, फक्त आखणी राहिली होती. देवळेकर पाडव्याला आले की नारळ फोडायचे, श्रीखंड खायचे आणि आप्पांच्या पाया पडून जायचे.

आप्पांनी नवा कुंचला हळदकुंकू लावून तबकात ठेवला होता. खारीच्या केसांचा, टोक असं की केसाएवढी बारीक रेघ निघावी. आप्पांनी तबक उचललं. मी पदर खोचला.

"जयू, ये," आप्पा म्हणाले.

जयेंद्र माझा भाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. नवा झब्बा घालून दाराशी उभा होता. तो पुढे आला, आप्पांच्या पाया पडला आणि कुंचला घेतला. टाळ्या पडल्या. आईनं माझ्याकडे बघितलंच नाही, ती आरतीचं निरांजन सारखं करत होती. सारखंच होतं ते.

मी आप्पांना दंडाला धरून साच्यांच्या बाजूला नेलं.

"हे काय केलंत?"

"हळू बोल."

"चार वर्सं हळूच बोलतेय. जयूनं आजवर एक डोळा काढलाय?"

"महिनाभर फुटक्या मूर्तींवर हात बसवलाय त्यानं. जमल हळूहळू."

"आणि मी?"

"तुझं उद्या लगीन होईल. तू दुसऱ्याच्या घरी जाशील. कारखान्याचे डोळे कारखान्यात राहायला नको? आणि तू हायेस तोवर त्याला शिकव ना. आतून बघ. तुला कोण नको म्हणतंय?"

आतून बघ! म्हणजे पडदा तोच, मी तीच, फक्त बाहेर काळी बोटं मिरवायला आता जयू. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की समोरच्या साच्यांची भिंत ढकलून द्यावीशी वाटली. पण देवळेकर आमच्याकडे बघून हसत होते, आई निरांजनाआडून डोळे वटारत होती, आणि मी पुन्हा एकदा गिळलं. सव्वीस वर्षांची घोडी, तोंडानं तिखट म्हणून गावभर नाव, आणि अशा वेळी तोंडाला कुलूप.

जयू वाईट नव्हता. स्प्रेनं रंग मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, व्यापाऱ्यांशी बोलणं तर त्यानंच करावं. पण त्या दिवशी त्याला कोणीतरी सांगितलं होतं की फोटो काढायचे आहेत. देवळेकरांनी कॅमेरा आणला होता. मग हा शहाणा चौरंगासमोर उभा राहिला, मूर्तीच्या अंगावर थोडा वाकला आणि उभ्यानंच आखणी सुरू केली.

आखणी खाली बसून करतात. कारण गणपती मखरात उंच बसतो आणि माणूस त्याच्यासमोर जमिनीवर बसतो. बाहुली अर्ध्या तांदळाएवढी खाली उतरवावी लागते, तेव्हा देव भक्ताकडे बघतो. हे अर्ध्या तांदळाचं माप डोक्यात ठेवता येत नाही. पाटावर बसून, मान वर करून, देवाच्या समोर भक्त होऊनच ते सापडतं. आप्पांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. जयूलाही सांगितलं असणार, पण कॅमेऱ्यासमोर पाटावर उकिडवं बसलेलं कोणाला आवडतं?

मला दिसत होतं. पहिली बाहुली भरली तेव्हाच कळलं. मी बोलले नाही. खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझ्या मनात गारगार वाटलं. कर म्हटलं. कर पुरं.

त्यानं पांढरे ठिपके दिले, सगळ्यांनी 'मोरया' म्हटलं, कॅमेरा चमकला. देवळेकर नमस्काराला पुढे झाले, गुडघे टेकून बसले, हात जोडले आणि मान वर केली. मग मान जरा डावीकडे केली. मग उजवीकडे.

"आप्पा," ते म्हणाले, "बाप्पा वर कुठे बघतोय?"

कोणीतरी हसलं. आमचा सगळ्यात जुना कामगार बाळाराम काका त्यांच्या शेजारी बसला, त्यानं बघितलं आणि बाजूला सरकून दुसऱ्याला जागा करून दिली. मग एकेक जण खाली बसून बघायला लागला. शेजारच्या म्हात्रेकाकूंनी मागे वळून वर बघितलं, देवाला तिथं काय दिसतंय म्हणून. देवाची नजर सगळ्यांच्या डोक्यावरून पत्र्याला लागली होती.

जयूच्या कपाळावर घाम आला. त्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी पतंग झाडात अडकला की बघायचा तसंच. "ताई," तो जवळ येऊन पुटपुटला, "आत ने ना. दोन मिनिटांचं काम हाय."

आप्पा पुढे झाले, मोठ्यानं म्हणाले, "रंग ओला हाय. मी आत नेऊन जरा सारखं करतो. तोवर तुमी श्रीखंड घ्या." आणि मला हनुवटीनं खूण केली. चार वर्षं हीच खूण. चल, पडद्यामागे चल.

मी हलले नाही.

"हेमू," आप्पा म्हणाले.

"मी येत नाय."

"काय?"

"आत येत नाय. ज्यानं केलंय त्यानं सारखं करायचं. नाय तर जुन्या आखणीकारांनी."

"हेमू!" आईचा आवाज चिरकला. "सणाच्या दिवशी?"

"हो, सणाच्या दिवशी. मंग कधी?"

देवळेकरांच्या हातातली वाटी हातातच राहिली. काहीतरी घरचं पेटलंय हे सगळ्यांना कळलं, पण काय ते कळेना. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की दहा वर्षांपूर्वी मी घाबरून पळाले असते. मग त्यांनी जयूच्या हातातून कुंचला घेतला, पाट ओढला आणि चौरंगासमोर खाली बसले. ओल्या कापसानं दोन्ही डोळे पुसून टाकले. तेवढं जमलं. मग कुंचला रंगात बुडवून वर उचलला.

आता मनगट धरायला हात मोकळा नव्हता, कारण डाव्या हातात रंगाची वाटी होती. कुंचल्याचं टोक हवेत गिरक्या घ्यायला लागलं. आप्पांनी हात खाली घेतला, पुन्हा वर नेला. पुन्हा तेच. काळा थेंब गणपतीच्या सोंडेवर पडला. बाळाराम काकानं तोंड फिरवलं. आठ कामगार, शेजारीपाजारी, देवळेकर, सगळ्यांनी आप्पा मोकलांचा हात बघितला.

मी दोन पावलांवर उभी होते. दया येत होती, आणि दया येते म्हणून आणखी संताप येत होता. हीच दया माझ्या मानेवर बसून चार वर्षं काम करून घेत होती.

"हेमू," आप्पा मागे न बघता म्हणाले, अगदी हळू. "हात धर माझा."

"हात धरणार नाय. कुंचला द्या."

श्रीखंडावर माशी बसली आणि कोणी तिला हाकलली नाही. मग आप्पा पाटावरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनी कुंचला माझ्यापुढे धरला. जयूला दिला तेव्हा तबक होतं, हळदकुंकू होतं, टाळ्या होत्या. मला नुसता दिला. मी घेतला आणि बसले.

सोंडेवरचा थेंब पुसला. डोळ्यांची जागा कोरडी होऊ दिली. कुंचला रंगात बुडवून उचलला.

"राग हाय तोवर टेकवू नको," आप्पा मागून म्हणाले. "डोळ्यांत उतरतो."

"राग जायची वाट बघितली तर पुढचा पाडवा येईल," मी म्हटलं.

कोपर गुडघ्यावर रोवलं, श्वास धरला आणि वरच्या पापणीची रेघ ओढली. मग खालची. मग बुबुळ. मी मान वर करून देवाकडे बघितलं, आणि त्याच्यासमोर मनातल्या मनात इतकं भांडले की कोणा देवानं ऐकून घेतलं नसतं. बाहुली अर्धा तांदूळ खाली उतरवली. शेवटी ठिपके दिले आणि पाट मागे सरकवला.

देवळेकर माझ्या जागी येऊन बसले. त्यांनी वर बघितलं आणि त्यांचे हात आपोआप जुळले.

"वा! हेच ते," ते म्हणाले. "हेच आप्पांचे डोळे. पोरीनं बापाचा हात कसा उचललाय बघा!"

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी तोंड उघडलं, आणि त्याआधीच आप्पा बोलले.

"तो माझा हात नाय."

"अहो, शिकवलंत तर तुम्हीच ना..."

"शिकवलं मी. पण गेली चार वर्सं तुमी नेल्या त्या सगळ्या मूर्तींचे डोळे हिनं काढलेत. एकूण एक. माझे डोळे तुमी चार वर्सांत बघितलेच नाय, देवळेकर."

देवळेकर कधी आप्पांकडे, कधी माझ्याकडे बघत राहिले. आईनं निरांजन खाली ठेवलं. जयू भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मी आप्पांना सांगत होतो, मला नाय जमणार," आणि हे खरं होतं की तेव्हाच सुचलं होतं ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.

लोकांनी अशा वेळी मुलीनं बापाच्या पाया पडावं अशी वाट बघितली असेल. मी पाटावरून उठले नाही.

"चार वर्सं लागली हे बोलायला?" मी विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं.

आप्पा म्हणाले, "भ्यालो गो मी. हात गेला म्हंजे माणूस संपला, असं वाटायचं."

माझ्याकडे उत्तरं तयार होती. लग्नाचं काढतील तर हे, जयू मुलगा आहे म्हणतील तर ते, रीत म्हणतील तर आणखी काही. भ्यालो म्हणतील असं मी धरलंच नव्हतं. आणि त्यानं माझा राग कमी झाला नाही, उलट त्याचं तोंड माझ्याकडेच फिरलं. आप्पा निदान भीतीनं गप्प होते. मी कशानं गप्प होते? नळावरच्या एका बादलीसाठी मी म्हात्रेकाकूंशी तासभर भांडायची. एस.टी.त कोणी धक्का दिला तर पुढच्या थांब्यापर्यंत ऐकवायची. आणि माझ्या हातचे हजारो डोळे दुसऱ्याच्या नावानं बोटीत चढले, तेव्हा मी हात धुऊन भाकऱ्या भाजायला जायची. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. मला वाटायचं, आप्पा आपणहून बोलतील तोच माझा मान. वाट बघण्यालाच मी चांगुलपणा समजत होते. त्या पाडव्यापासून मी रागावर लाज बाळगणं सोडलं, आणि गिळणंही.

"देवळेकर काका," मी म्हटलं, "तुमच्या वीस मूर्ती मागे पडल्यात ना? बाहेर आणायला सांगा. आजच करते. इथं, सगळ्यांसमोर."

"अगं, पाडव्याला एकच करायची असते," आई म्हणाली.

"आजपर्यंत."

कामगार आप्पांच्या तोंडाकडे बघत होते. जयू पुढे झाला, तर आप्पांनी त्याला हातानं थांबवलं आणि स्वतः मागच्या फळीकडे गेले. पहिली मूर्ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. हात थरथरत होते, मूर्ती थरथरत होती, बाळाराम काका धावला तर त्यालाही "राहू दे" म्हणाले. वीस पावलं चालत, भरल्या शेडमधून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते आले आणि मूर्ती माझ्यासमोर ठेवली. मग दुसरी आणायला गेले.

श्रीखंड पातळ झालं, जेवणं तीनला झाली. सातव्या-आठव्या मूर्तीपर्यंत माझे कान तापलेलेच होते. आप्पांनी वीसच्या वीस मूर्ती आणल्या, आणि एकदाही हात लपवला नाही.